मला येऊन गेल्यात

४ फेब्रुवारी

प्रिय सरकार,

आपण खुशाल असाल आणि पोटातला पाहुणाही खुशाल लाथा मारत असेल, असं धरून चालतो. पायांची सूज उतरली का? आईंना नमस्कार सांग. तुझ्या भावाला नमस्कार पाठवत नाही, तो रोज दारात येऊन माझी थट्टा करून जातोच आहे.

बातमी भाऊसाहेबांनी तुला तिखटमीठ लावून सांगितली असेलच, तरी माझ्याकडून ऐक. तुझ्या नवऱ्याला, वय छत्तीस, स्वतःचं सलून, दोन खुर्च्या, डोक्यावर थोडं टक्कल, अशा माणसाला कांजिण्या झाल्या आहेत. हसून घे. समोरचा घड्याळवाला तर इतका हसला की त्याच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं.

सुरुवातीला पोटावर एकच फोड होता. म्हटलं, काहीतरी चावलं असेल. अंगात कणकण होती, पण शनिवारी दुकान कोण बंद ठेवतं? संध्याकाळी शर्ट काढला तर पाठ, छाती, मान, सगळीकडे लाल ठिपके. आपल्या दुकानात पुढेही आरसा आणि मागेही आरसा. मी मध्ये उभा राहिलो तर दूरपर्यंत रांगेनं नुसते ठिपकेवालेच उभे दिसले. स्वतःलाच घाबरलो.

डॉक्टरीणबाईही आधी हसल्या. मग म्हणाल्या, "लहानपणी झाल्या तर तो खेळ असतो. या वयात झाल्या की आजार होतो. अंगावर काढू नका." गोळ्या दिल्या, आणि लगेच तुझं विचारलं. तुझ्या रक्ताचा जुना रिपोर्ट काढून बघितला. तुला कांजिण्या कधीच आलेल्या नाहीत. "ती त्या घराच्या पायरीवरसुद्धा येता कामा नये. बाळाला धोका आहेच, पण या दिवसांत आईच्या फुप्फुसात उतरलं तर आवरत नाही," असं म्हणाल्या. जिन्यामुळे तुझे पाय सुजले म्हणून तुला माहेरी आईंकडे तळमजल्यावर पाठवलं, तेव्हा मी त्या जिन्याला किती शिव्या घातल्या होत्या! आता वाटतं, त्या जिन्याचे उपकारच झाले. तू गेलीस त्यानंतर आठवड्यानं हे उगवलं.

कुठून आलं तेही कळलं. मागे एक बाई आपल्या छोट्या मुलीला घेऊन आल्या होत्या, कपाळावरचे केस कापायला. मुलीच्या कानामागे दोन-तीन फोड होते. आई म्हणाली, "काही नाही हो, डास." मी बोटानं केस बाजूला करून कापत बसलो. मुलगी गोड होती. तिचा राग येत नाही, पण त्या डासाचा येतो.

अप्पांना मी आत्याकडे जायला सांगितलं. ते ऐकतात का, बाप आहेत ना माझे! वर तोंड करून म्हणाले, "मला लहानपणीच येऊन गेल्यात. आम्ही चौघं भावंडं एका खोलीत ओळीनं निजलो होतो, ताई गोष्टी सांगायची. एकदा आल्या की परत येत नाहीत. तू मुकाट्यानं झोप." ही गोष्ट तूही त्यांच्या तोंडून ऐकली असशील. मी तर इतक्यांदा ऐकली आहे की त्या खोलीत मीही निजलो होतो असं वाटतं.

त्यामुळे सध्या मी पेशंट आणि अप्पा मेट्रन. ते गुलाबी औषध कापसानं लावायचं असतं. अप्पांना कापूस पसंत नाही. त्यांनी आपला जुना दाढीचा ब्रश धुऊन घेतला, वाटीत औषध ओतलं आणि माझ्या पाठीवर असे हात चालवले की जणू मंडपातला नवरदेव तयार करतायत. "हलू नकोस," म्हणतात, "गिऱ्हाईक हललं की काम बिघडतं."

फोन का करत नाही, तर घशातही फोड आहेत. आवाज म्हणून जे काही निघतं, ते ऐकून तुला कळा सुरू होतील. मेसेज लिहायला जातो तर पापणीवरच्या फोडामुळे पडदा बघवत नाही. शिवाय तुझीच तक्रार होती की मी मेसेजमध्ये "हो", "बरं" आणि "ठीक" याच्या पलीकडे जात नाही. तर घे, पत्र घे. भाऊसाहेब ते सांडशीनं उचलणार आहेत आणि तुला द्यायच्या आधी दिवसभर उन्हात वाळवणार आहेत म्हणे.

आपला आज्ञाधारक आणि ठिपकेदार,
नोकर


१० फेब्रुवारी

प्रिय सरकार,

तुझं पत्र मिळालं. आईंच्या घरी झोप लागत नाही, असं लिहिलंस. लागेल. कुशीवर झोप आणि पाठीला उशी घे. रात्री पाहुण्यानं त्रास दिला तर त्याला सांग, बाप बरा झाला की दोघं मिळून हिशोब करू.

मध्ये तीन-चार दिवस मला काही समजत नव्हतं. ताप उतरायचं नाव घेईना. अंगभर पाण्याचे फोड, टाळूवर, कानात, आणि नको तिथेही. उजव्या कुशीवर वळलो तर तिकडचे दुखायचे, डावीकडे वळलो तर तिकडचे. आणि खाज! लहान मुलं हे कसं सोसतात देव जाणे. मी तर एकदा भिंतीला पाठ घासायला निघालो होतो. अप्पांनी मध्ये येऊन अडवलं. मग माझी नखं कापली, अगदी मुळापर्यंत. लहान असताना कापायचे तशी, एकेक बोट आपल्या मुठीत धरून. मी डोळे मिटून घेतले होते. मला रडू येत होतं, तापामुळे असेल.

जाग यायची तेव्हा ते खुर्चीवर बसलेले दिसायचे. मी म्हणायचो, "झोपा की." ते म्हणायचे, "झोपलोच होतो." झोपलेला माणूस ताठ बसतो का कधी?

तू म्हणालीस, अप्पांना कंटाळा येत असेल. अगं, ते दुपारी पत्ते काढतात. तुझी पानं आणि स्वतःची पानं वाटतात, मग तुझ्या बाजूला बसून तुझ्या वतीनं खेळतात, उठतात, इकडे येऊन स्वतःचं पान खेळतात. मी विचारलं, कोण जिंकतंय? म्हणाले, "तीच. ती नसताना पण तीच जिंकते, काय नशीब आहे बघ." तू गेल्यापासून घरात त्यांच्याशी भांडणारं कुणी नाही, हे त्यांचं खरं दुखणं आहे. मी काय, हो ला हो म्हणतो.

दुकानाच्या शटरवर त्यांनी पाटी लावली आहे. मोठ्या अक्षरात लिहिलंय, "आजारपणामुळे बंद. तोवर केस वाढू द्या." घड्याळवाला सांगत होता, लोक थांबून वाचतात.

आता ताप उतरलाय. फोडांवर खपल्या धरतायत. माझी दाढी कशी वाढली आहे ते तू बघू नयेस हेच बरं. अप्पांना ती बघवत नाही. वस्तरा लावता येत नाही म्हणून ते माझ्यासमोर येरझारा घालतात. काल म्हणाले, "चाळीस वर्षं या धंद्यात काढली, आणि घरात हे झुडूप."

त्यांना जरा थकवा दिसतो. इतके दिवस जागले, थकणारच. आत्याकडे चार दिवस पाठवीन म्हणतो, मी हिंडाफिरायला लागलो की.

तुझा आज्ञाधारक,
झुडूपवाला


२० फेब्रुवारी

प्रिय सरकार,

पत्राला उशीर झाला. रागावली असशील. मी बरा आहे, खपल्या गळून पडल्या. कपाळावर दोन खड्डे राहिले आहेत, एक भुवईपाशी आणि एक बरोबर मधोमध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. आवाजही परत आला.

मग लगेच तुला भेटायला का आलो नाही, हे तू विचारणार. भाऊसाहेबांनी तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी त्याला म्हटलं होतं, तू बोलू नकोस, मीच लिहितो. तर लिहितो. घाबरू नकोस, आधी बस.

अप्पांना कांजिण्या झाल्या आहेत.

ते आता दवाखान्यात आहेत. मोठ्या दवाखान्यात, वेगळ्या खोलीत. तशी काळजी घेतली जातेय. वयामुळे ठेवून घेतलंय.

झालं असं की गेल्या आठवड्यात ते एकदम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडायला लागले. उकाड्यात! मी विचारलं तर म्हणाले, "थंडी वाजते." गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी दुकान साफ करण्यात गुंतलो होतो, माझं लक्षच नव्हतं. इतकी वर्षं लोकांच्या मानेकडे बघत जगलो, पण घरातल्या माणसाची मान दिसली नाही. मग एकदा कॉलर सरकली आणि मला दिसलं. मी म्हटलं, "अप्पा, हे काय?" म्हणाले, "उष्णतेचं आहे." मी शर्ट काढायला लावला. पाठभर होते. तोवर औषध सुरू करायचे पहिले दिवस हातातून निघून गेले होते.

मला काही कळेना. एकदा आलेल्या परत कशा येतील? आत्याला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, त्याला कुठं झाल्या होत्या? आम्हा तिघांना झाल्या. तो तेवढा कोरा राहिला होता म्हणून त्याला मामाकडे पाठवलं. जाताना दाराची चौकट सोडेना. मामानं उचलून नेला. परत आला तेव्हा आम्ही बरे होऊन खेळत होतो, आमच्या त्या खोलीतल्या गमती सांगत होतो, आणि तो नुसता ऐकत बसायचा. पुढं केव्हातरी तोच सांगायला लागला की आम्ही चौघं होतो. आम्ही कशाला खोडून काढू? बिचारा तेवढ्यावर खूश."

आता सांग मी काय करू? त्यांना ठाऊक होतं, की सांगून सांगून त्यांना खरंच वाटायला लागलं होतं? मला ते ठरवता येत नाही.

तू भेटायला यायचं नाव काढू नकोस. तुझं पत्र वाचलं, मास्क लावून, दारातून, दोन मिनिटं, वगैरे. नाही. डॉक्टरीणबाईंनी हात जोडून सांगितलंय. त्या खोलीत तुझ्या आईंनीही जायचं नाही, कारण घरी तू आहेस. मला मात्र आत सोडतात. नर्स म्हणाली, "तुम्हाला होऊन गेल्यात ना, मग तुम्ही बसा खुशाल." खुशाल म्हणाली.

फोनवर बोलायचं म्हणतेस. त्यांच्याही घशात फोड आहेत, माझ्यासारखेच. बरे झाले की लावून देतो. थोडा खोकला आहे.

गोळ्या वेळेवर घे. पाहुण्याला माझ्याकडून दटाव.

तुझा,
नोकर


१ मार्च

प्रिय,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फोन उचलला नाही, कारण दुकानात होतो आणि हात ओले होते. नंतर लावीन म्हटलं आणि राहून गेलं. पत्राची सवय झाली आहे असं समज. कागदावर नीट बोलता येतं.

दुकान उघडलं आहे. आरसे पुसले, खुर्चीच्या पंपात तेल घातलं, कात्र्यांना धार लावून आणली. पाटी काढली. गिऱ्हाइकं येतायत. केस खरंच वाढवून आलेत सगळे. घड्याळवाला दोनदा चहा घेऊन आला. न बोलता बसला आणि गेला. त्याला न बोलता बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तुला पुढच्या आठवड्याची तारीख दिली ते वाचलं. बाळाचं वजन चांगलं आहे हे वाचून बरं वाटलं. मला यायला परवानगी आहे, मी येईन. पिशवी भरून ठेव. आईंना सांग, गरम पाण्याची पिशवी विसरू नका, तुझी कंबर धरते. कागदपत्रं वरच्या खणात ठेव म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

अप्पांचं तू तीन वेळा विचारलंस. त्यांचा ताप गेला. खोकलाही नाही. आता त्यांना खाज सुटत नाही. डॉक्टर त्यांच्याबद्दल काही बोलत नाहीत.

आत्या इथे आली आहे. स्वयंपाकाचं ती बघते.

तू पत्त्यांचं विचारलंस. नाही, सध्या ते खेळत नाहीत. ते खेळायचे तेव्हा

हे शेवटचं वाक्य राहू दे. दारात गिऱ्हाईक आहे.

स्वतःला जप. मी हे दर पत्रात लिहितो, पण या वेळी विशेष लिहितो आहे. जप.

तुझा


९ मार्च

माझे प्रिय सरकार,

हा कागद नर्सकडून मागून घेतला आहे. मी तुझ्या खोलीच्या बाहेर बाकावर बसलो आहे. मघाशी भाऊसाहेब बाहेर आला आणि म्हणाला, मुलगी झाली. मला मिठी मारली. ज्यानं महिनाभर माझं पत्र सांडशीनं उचललं त्यानं मिठी मारली! तू बरी आहेस, ती बरी आहे, रडणं दणदणीत आहे. मला इथेही ऐकू येतंय. देवाचे आणि डॉक्टरांचे, सगळ्यांचे उपकार.

आत ये म्हणाले. मी म्हटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली.

अप्पा गेले. सव्वीस फेब्रुवारीला, सकाळी. आज त्याला किती दिवस झाले हे मोजायचं टाळतो आहे.

सगळ्यांना माहीत होतं. आईंना, भाऊसाहेबाला, डॉक्टरीणबाईंना, घड्याळवाल्याला. तुझ्यापासून लपवायचं सर्वांनी मिळून ठरवलं, आणि पहिला शब्द माझा होता. आत्ताही सगळे म्हणतायत की आज नको, बाळंतिणीला धक्का बसेल, महिन्याभरानं सांग. तोवर सांगू की गावाला गेलेत, अशक्तपणा आहे, जिना उतरवत नाही. सगळ्यांनी मिळून कारणं काढून ठेवली आहेत. मला जमणार नाही. तू माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या मागे बघशील. मी तुला ओळखतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं, ताप गेला, खोकला नाही. ते लिहिताना मला वाटलं होतं, मी तुझ्याशी खोटं बोलत नाहीये. किती हुशार माणूस मी! ते पत्र फाडून टाक. नाहीतर ठेव आणि भांडण झालं की काढून दाखव.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो.

आजार छातीत उतरला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, तरी चार शब्द बोलले की दम लागायचा. तशातही त्यांना दाढीची लाज वाटत होती. डॉक्टर येताना पाहिले की चादर हनुवटीपर्यंत ओढायचे. वस्तरा लावायला मनाई होती. मी दुकानातून बारीक कात्री आणली आणि फोड चुकवत चुकवत खुंट कापले. डोळे मिटून पडले होते. मध्येच म्हणाले, "डावीकडं जास्त राहिलंय." बघितलं तर खरंच राहिलं होतं. मी रडत होतो आणि हसतही होतो. त्यांना दोन्ही दिसलं असणार.

मग मी विचारलं. म्हटलं, "अप्पा, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्हाला आल्या नव्हत्या, हे?" म्हणाले, "तुझ्या पाठीला तुझा हात पोचत नव्हता."

एवढंच. पुढे मी काय विचारणार? आणि त्यांनी तरी काय सांगायचं राहिलं होतं?

त्याच संध्याकाळी म्हणाले, "तिला एकदा फोन लाव." तुला, सरकार. मी म्हटलं, "घसा बरा होऊ दे, मग लावतो." ते म्हणाले, "बरं." वाद घातला नाही. अप्पांनी वाद घातला नाही! तेव्हाच मला समजायला हवं होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "मग तूच सांग. म्हणावं, ती गुलाम मांडीखाली दडवते ते मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. जिंकायची हौस आहे पोरीला, म्हणून बोललो नाही." आणि हसायला गेले तर खोकला आला आणि मग तो थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तोंडात नळी घातली. त्यानंतर ते बोलले नाहीत. दोन दिवसांनी गेले. मी जवळ होतो, हात हातात होता. घरातल्यांपैकी त्यांच्यासोबत बसायची मुभा एकट्या मलाच होती, आणि ती मला कशामुळे मिळाली हे तुला ठाऊक आहे.

फोनमधून कांजिण्या येत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. फोन खिशात होता. मला भीती ही होती की तू त्यांचा श्वास ऐकशील आणि ऐकल्यावर कुणाला जुमानणार नाहीस, रिक्षा करून निघशील, पोटुशी, त्या खोलीत. मी त्यांची आणि तुझी ताटातूट केली ती बाळासाठी, असं सगळे म्हणतील. बाळ धडधाकट आहे, त्यामुळे बरोबरच केलंस, असंही म्हणतील. मला स्वतःला तसं म्हणता येत नाही. मी तुला सगळं खरं सांगून, "येऊ नकोस, पण बोल," असं म्हणू शकलो असतो. तू कदाचित ऐकलं असतंस. तुझ्यावर तेवढा विश्वास मी ठेवला नाही, आणि तुला त्यांचा निरोप घेता आला नाही. त्यांनाही तुझा घेता आला नाही. याची भरपाई कशी करतात ते मला माहीत नाही.

तू शिव्या दे. रड. आईंनी म्हटलं की बाळंतिणीनं रडू नये, तरी रड. तुझे अप्पा होते ते. माझ्याशी ते छत्तीस वर्षांत जेवढं बोलले नसतील तेवढं तुझ्याशी चार वर्षांत बोलले, भांडले, हरले. घरात पहिल्यांदा तू त्यांना "अहो अप्पा, लबाडी करताय," म्हणालीस, तेव्हा ते आत येऊन मला म्हणाले होते, "चांगली आहे रे." माझ्या निवडीबद्दल त्यांनी केलेली ती एकमेव स्तुती.

आत्याला मी अप्पांचं ते उत्तर सांगितलं, हात पोचत नव्हता, ते. ती म्हणाली, "मामाकडे त्याच्याशी कुणी बोलायला नव्हतं. आल्यावर मला म्हणाला होता, ताई, मला पण झाल्या असत्या तर बरं झालं असतं." इतक्या वर्षांनी झाल्या. माझ्यामुळे झाल्या. डॉक्टर सांगतात, कुणाचा दोष नाही, आजार आहे, पसरतो. मी मान हलवतो.

आता हा कागद संपत आला. तुझा भाऊ तो आत घेऊन येईल. मी त्याला सांगितलंय की बाळाला आईंकडे दे आणि मगच पत्र दे. तू सावकाश वाच. दोनदा वाचावंसं वाटलं तर दोनदा वाच. मग मला हाक मार. आज मारावीशी वाटली नाही तर उद्या मार. मी इथेच बाकावर आहे, दुकानाला कुलूप लावून आलोय.

आणि मी आत आलो की माझ्या मागे दाराकडे बघू नकोस. मी एकटाच आलो आहे.

तुझा